पोट भरले, म्हणजे नेमके काय झाले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. काहींची तक्रार पोट भरत नाही अशी आहे, तर काहींचे पोट फार लवकर भरते. अडचण अशी की ‘पोट भरले’ हे दोन शब्द आपण जेवणाच्या समाधानासाठी वापरतो, तडस लागल्यावरही वापरतो आणि चार घासांनंतर अन्न नकोसे झाले तरी तेच म्हणतो. म्हणून तपासायला आलेल्या माणसाला मी आधी विचारते, ‘कुठे भरल्यासारखे वाटते, ते हाताने दाखवा.’ कोणी तळहात छातीच्या हाडाखालच्या खळग्यावर दाबून धरतो आणि तो हात बराच वेळ तिथून काढत नाही. अशा वेळी मी जठराचा विचार करते. कोणी बेंबीभोवती हात गोल फिरवतो, तेव्हा आतड्यातील वायू आणि बद्धकोष्ठ यांबद्दल विचारावे लागते. कोणी बोट घशापर्यंत वर नेतो, कारण त्याला आंबट पाणी वर येते. हाताच्या खुणेवरून निदान होत नाही; पुढचे प्रश्न कोणते विचारायचे, एवढे मात्र कळते. खालील पत्रे वाचताना वाचकांनीही आपला हात कुठे जातो ते पाहावे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. वजन कमी करण्यासाठी चार महिने मोजून जेवते आहे. जेवताना पोट भरते, पण तासाभरात पुन्हा भूक लागते आणि मग हाताला लागेल ते खाल्ले जाते. जेवणाआधी पाणी प्यावे, हळू जेवावे, असे सगळे सांगतात. ते करून झाले. पोट भरलेले राहत का नाही? माझ्यातच निग्रह कमी आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पत्रातला खरा सल तोच दिसतो. निग्रह कमी असल्याचे हे लक्षण नाही. जेवताना हात थांबवणारी भावना वेगळी आणि पुढची भूक लांबवणारी भावना वेगळी. पहिलीला आपण ‘पोट भरले’ म्हणतो आणि दुसरीला ‘पोटाला आधार झाला’. तुमचे पोट भरते, पण पोटाला आधार होत नाही.

रिकामे जठर साधारण मुठीएवढे असते आणि त्यात १०० मिलिलिटरही मावत नाही. जेवण सुरू झाले की त्याचा वरचा भाग आपोआप सैल होतो आणि एक ते दीड लिटर अन्नपाणी सामावून घेतो. भिंत ताणली जाऊ लागली की व्हेगस या मज्जातंतूवरून मेंदूच्या तळाकडे संदेश जाऊ लागतात आणि घास घेण्याचा वेग मंदावतो. हा संदेश मुख्यतः आकारमानाचा असतो. जठरात पाणी आहे की डाळ, याची त्याला फारशी पर्वा नसते. मात्र पाणी थोड्याच वेळात पुढे निघून जाते आणि त्याच्याबरोबर ताणही जातो. घन अन्न जठराच्या खालच्या भागात मिनिटाला सुमारे तीन आकुंचनांच्या लयीत घुसळले जाते. एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत त्यातले फारसे काही लहान आतड्यात सोडले जात नाही.

आधार तयार होतो तो यापुढे. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्यात पोहोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते आणि जठराला ‘सावकाश’ असे सांगते. ते टोचल्यावर उंदीर कमी खातात, हे १९७३ मध्ये दाखवले गेले. आतड्याच्या आणखी खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सुटतात व जेवणानंतर काही तास काम करत राहतात. ‘मेंदूला पोट भरल्याचे कळायला वीस मिनिटे लागतात’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. ताणाचा संदेश जवळजवळ लगेच पोहोचतो आणि आतड्यांचे संदेश वीस मिनिटांनंतरही कितीतरी वेळ चालू राहतात. त्यामुळे घड्याळ लावून जेवल्याने फार काही साधत नाही. हळू जेवण्याचा सल्ला चांगलाच आहे, पण त्याचा संबंध ताटात काय आहे याच्याशी जास्त आहे.

कोणत्या अन्नाने आधार होतो, याची एक जुनी मोजणी मला अजूनही उपयोगी वाटते. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी सुमारे २४० कॅलरी एवढ्याच प्रमाणात लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते याची नोंद ठेवली. पांढऱ्या पावाला १०० धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोण्याच्या पापुद्र्यांच्या क्रोसाँला ४७. कॅलरी तेवढ्याच असूनही जवळजवळ सातपट फरक पडला. बटाटा उकडलेला होता, तळलेला नव्हता, हे विसरू नये. पण वजन कमी करणारे सर्वांत आधी ज्यावर फुली मारतात, तोच पदार्थ या यादीत पहिला आला. ज्या अन्नात पाणी, प्रथिने आणि तंतू अधिक होते ते साधारणपणे वर राहिले, आणि ज्यात स्निग्धांश अधिक होता ते खाली गेले.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलेच आहे. बार्बरा रोल्स यांच्या अमेरिकेतील गटाने १९९९ मध्ये एकच पदार्थ तीन प्रकारे दिला. एकदा नुसता, एकदा सोबत पेलाभर पाणी देऊन, आणि एकदा तेवढेच पाणी त्यात शिजवून, म्हणजे सूप करून. सूप घेतलेल्या स्त्रियांनी नंतरच्या जेवणात कमी खाल्ले. पेल्यातून पाणी घेतल्याने तसा फरक पडला नाही. अन्नात मुरलेले पाणी अन्नाबरोबर जठरात थांबते. याच गटाने पुढे अखंड सफरचंद, त्याचा शिजवलेला गर आणि त्याचा रस यांची तुलना केली, तेव्हा चावून खाल्लेल्या फळाने सर्वांत जास्त पोट भरले. म्हणून फळ चावून खावे, रस काढू नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

चावण्याचा आणि वेगाचा संबंध इथे येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, फारशी प्रक्रिया न केलेले अन्न दिले होते. दोन्हींतील साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू जुळवलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्या अधिक भरभर खाल्ल्या. मऊ, सहज गिळता येणारे अन्न आतड्यांचे संदेश पोहोचण्याआधीच आत गेलेले असते.

यात स्मरणाचाही वाटा आहे, हे फार कमी लोकांना माहीत असते. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या दोन माणसांना जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट दिले. त्यांनी ते खाल्ले. आणि त्यानंतर तिसरे ताट दिले तेव्हा बहुतेक वेळा तेही खायला सुरुवात केली. जठर भरलेले होते, पण जेवल्याची आठवण नव्हती. पडद्याकडे बघत जेवताना आपणही ती आठवण पुसटच ठेवतो आणि तासाभराने ‘आज नीट जेवलेच नाही’ असे वाटते.

आता निग्रहाबद्दल. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहाराने वजन कमी केलेल्या लोकांची तपासणी वर्षानंतर पुन्हा केली गेली. भूक जागवणारे घ्रेलिन वाढलेलेच होते. तृप्ती देणारी लेप्टिन, पीवायवाय आणि कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरके घटलेली होती आणि भूकही जास्त होती. वजन घटले की शरीर ते परत मिळवू पाहते, आणि तुम्ही चार महिने या ओढीविरुद्ध उभ्या आहात. तेव्हा ताटातील भाग आणखी कमी करू नका. प्रत्येक जेवणात डाळी, अंडी, दही किंवा मासे यांपैकी तुम्ही खात असाल ते प्रथिन ठळकपणे असू द्या, भाज्यांचे प्रमाण वाढवा, आणि तासाभराने लागणारी भूक खरी मानून जेवणातच तिची तरतूद करा. वजन उतरण्याचा वेग थोडा कमी होईल, आणि मला तो तसाच हवा आहे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून १४ वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. अलीकडे चार घासांत पोट गच्च होते. रात्री उलटी झाली तर दुपारचे अन्न तसेच्या तसे दिसते. जेवल्यानंतर साखर अचानक खाली जाते आणि मध्यरात्री खूप वाढलेली असते. मधुमेहात तंतू चांगले म्हणून मी कच्च्या भाज्या वाढवल्या, तर त्रासही वाढला. काय चुकते आहे?

उत्तर : तुम्ही उलटीबद्दल जे लिहिले आहे ते फार महत्त्वाचे आहे, डॉक्टरांनाही त्याच शब्दांत सांगा. अनेक तासांपूर्वीचे अन्न ओळखता येईल अशा स्थितीत बाहेर पडते, याचा अर्थ ते जठरातून पुढे सरकलेच नाही. यामागे एक तर वाटेत अडथळा असतो, किंवा जठराची घुसळणारी हालचालच मंदावलेली असते. दीर्घकाळच्या मधुमेहात व्हेगस मज्जातंतूला आणि जठराच्या भिंतीतील लय राखणाऱ्या पेशींना इजा होऊन असे घडते. या विकाराला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात.

साखरेचा गोंधळही यातूनच होतो. इन्सुलिन ठरल्या वेळी काम सुरू करते, पण अन्न अजून जठरातच बसलेले असते. म्हणून साखर आधी घसरते. काही तासांनी अन्न आतड्यात उतरते तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो, आणि साखर चढते. वाढलेली साखर जठराला आणखी मंद करते, त्यामुळे हे चक्र एका टोकाकडून धरून तोडता येत नाही. इन्सुलिनची वेळ आणि प्रकार बदलावा लागेल, पण तो स्वतःहून बदलू नका. जेवणानंतर साखर घसरण्याचे प्रसंग वेळेसह लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. भेट होईपर्यंत लवकर शोषली जाणारी साखर जवळ ठेवा आणि ती द्रव रूपात असलेली बरी, कारण तुमच्या जठरातून द्रव पदार्थ घन पदार्थांपेक्षा सहज पुढे जातो.

आधी दुर्बिणीतून तपासणी करून अडथळा नाही ना, हे पाहतात. मग अतिशय सौम्य किरणोत्सर्गी खूण मिसळलेले हलके जेवण देऊन जठर किती वेगाने रिकामे होते ते चार तास मोजतात. दोन तासांनी ६० टक्क्यांपेक्षा जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न शिल्लक असेल तर जठर मंद आहे असे मानतात. त्या दिवशी साखर फार वाढलेली असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. अफूवर्गीय वेदनाशामके आणि काही इतर औषधेही जठर मंद करतात, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्या.

तंतूंबाबत तुमचा अनुभव बरोबर आहे. पहिल्या पत्रलेखिकेला मी ज्या गुणासाठी भाज्या वाढवायला सांगितल्या, तोच गुण तुम्हाला बाधतो आहे; ज्याच्या जठरातून अन्न आधीच हलत नाही, त्याने ते आणखी थांबवून धरणारे अन्न खाऊ नये. कच्च्या भाज्यांचे धागे आणि साली तर जठरात गोळा होऊन त्यांचा घट्ट गठ्ठाही बनू शकतो. सध्या अन्न मऊ शिजवून, कुस्करून किंवा वाटून घ्या. तेल-तूप कमी करा, थोडे थोडे पाच-सहा वेळा खा आणि जेवल्यावर आडवे होऊ नका. जठराची हालचाल वाढवणारी औषधे आहेत, पण त्यांतील मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या मागे लागू शकतात, आणि डोंपेरिडोनचा परिणाम हृदयाच्या लयीवर होऊ शकतो. दुकानातून आणून ही औषधे मनाने चालू ठेवू नका.

प्रश्न : वय २७. दीड वर्षापूर्वी जुलाब-उलट्यांचा मोठा त्रास झाला आणि तेव्हापासून अर्धे ताटही संपत नाही. जेवल्यावर वरचे पोट तासन्‌तास जड राहते. दुर्बीण, सोनोग्राफी, रक्त, सगळे ठीक आहे. ‘काही झालेले नाही, मनाचे आहे,’ असे सांगून मला परत पाठवले. मी खरेच कल्पना करते आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तपासणीत काही दिसले नाही म्हणजे काही झाले नाही, असा अर्थ होत नाही. दुर्बिणीतून जठराचे अस्तर दिसते. जेवताना ते किती सैल होते आणि ताण पडल्यावर ते मेंदूला काय कळवते, हे त्या चित्रात येत नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या त्रासाला कार्यात्मक अपचन म्हणतात, आणि त्याच्या दोन मुख्य प्रकारांपैकी तुमचा प्रकार जेवणानंतर अस्वस्थता देणारा आहे. रोम-४ या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार जेवण झाल्यावर त्रासदायक जडपणा किंवा नेहमीचे जेवण पूर्ण होऊ न देणारी लवकरची तृप्ती आठवड्यातून किमान तीन दिवस, गेले तीन महिने असावी, सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी आणि दुसरे कारण सापडलेले नसावे. म्हणजे हे निदान बाकीचे आजार वगळून उरलेल्या रिकाम्या जागेला दिलेले नाव नाही. त्याची स्वतःची ओळख आहे. बेल्जियममध्ये यान टॅक यांच्या गटाने १९९८ मध्ये अशा रुग्णांच्या जठरात फुगा ठेवून जेवणानंतर जठर किती सैल होते ते मोजले, तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांत ते पुरेसे सैल होत नव्हते, आणि त्याचा संबंध लवकर पोट भरण्याशी आणि वजन घटण्याशी दिसला. ज्या पिशवीने पसरायचे ती पसरली नाही, तर अर्धे ताटही तिला जास्तच होणार. आतड्याच्या संसर्गानंतर हा विकार सुरू होणे चांगले परिचित आहे, त्यामुळे तुमच्या दीड वर्षापूर्वीच्या आजाराचा उल्लेख वाचताच मला पुष्कळसा उलगडा झाला.

उपचारांची सुरुवात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी झाली आहे का, हे पाहून करावी. तो सापडल्यास काढून टाकल्यावर काही रुग्णांना टिकाऊ आराम मिळतो. त्यानंतर काही आठवडे आम्ल कमी करणारे औषध देऊन बघतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर जठराची संवेदना शांत करणारी औषधे अल्प मात्रेत देतात. त्यांतील काही मुळात नैराश्यासाठी वापरली जातात, म्हणून चिठ्ठीवर नाव पाहून रुग्ण दुखावतात. इथे ती पोट आणि मेंदू यांच्यातील संदेशांसाठी दिलेली असतात. वजन घटलेल्या आणि लवकर पोट भरणाऱ्या रुग्णांत मिर्टाझापिनचा उपयोग दिसला आहे. त्याने झोप येते आणि भूक वाढते, म्हणून ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मनाबद्दल एवढेच म्हणेन की चिंता वाढली की जठर आणखी आवळते, हे खरे आहे, आणि दीड वर्ष कोणी विश्वास ठेवला नाही तर चिंता वाढणारच. माझी मोठी काळजी वेगळी आहे. अशा त्रासात माणूस आधी तेलकट सोडतो, मग दूध, मग धान्य, आणि काही महिन्यांनी त्याच्या खाण्यात चार-पाच पदार्थच उरतात. त्रास तेवढाच राहतो, वजन मात्र घसरत जाते आणि प्रत्येक घासाची भीती बसते. एखादा पदार्थ सोडायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांपुरता सोडा, फरक पडला नाही तर तो परत घ्या. जेवण लहान करा, त्यातील विविधता कमी करू नका.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून थोडे खाल्ले तरी पोट भरते, कमरेला कपडे घट्ट होतात, पण हातपाय बारीक झाले आहेत. लघवीलाही वारंवार जावे लागते. गॅससाठी कोणते चूर्ण घ्यावे?

उत्तर : कृपया चूर्ण घेऊ नका, डॉक्टरांकडे जा, आणि याच आठवड्यात जा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले व टिकून राहिलेले पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवीची घाई या लक्षणांमागे अंडाशयाचा कर्करोग असू शकतो. महिन्यातून बारा किंवा अधिक वेळा असे होत असेल तर तपासणी लांबवू नये. पोटात पाणी साठणे किंवा यकृत अथवा प्लीहा वाढणे यांनीही जठरावर बाहेरून दाब येऊन दोन घासांत पोट भरते. यांपैकी काहीच नसेल अशीही शक्यता आहे, पण ते पोट तपासून, रक्ताच्या चाचणीने आणि सोनोग्राफीने ठरवायचे आहे.

तुमच्या निमित्ताने सर्वच वाचकांना सांगते. लवकर पोट भरण्याबरोबर प्रयत्न न करता वजन घटत असेल, गिळताना अन्न अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, शौच डांबरासारखे काळे होत असेल, रक्त कमी झाल्याचे निघाले असेल, डोळे पिवळे झाले असतील किंवा घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असेल, तर घरगुती उपायांत एकही आठवडा घालवू नये.

प्रश्न : वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन पाच महिन्यांपासून घेतो आहे. वय ४१. वजन चांगले उतरले, पण आता सतत पोट भरलेले वाटते, जेवणाची आठवणच होत नाही, मळमळ असते. ही तृप्ती नैसर्गिक आहे का? इंजेक्शन बंद केले तर काय होईल?

उत्तर : पहिल्या उत्तरात ज्या जीएलपी-१ चा उल्लेख आला आहे, त्याच संप्रेरकाची ही दीर्घकाळ टिकणारी प्रतिकृती आहे. शरीरातले मूळ जीएलपी-१ काही मिनिटांतच मोडते, इंजेक्शनमधले आठवडाभर पुरते. या गटातील पहिले औषध, एक्सेनाटाइड, ‘हिला मॉन्स्टर’ नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या एका रेणूवरून तयार झाले आणि २००५ मध्ये मधुमेहासाठी वापरात आले. तेव्हा तृप्तीचा मार्ग तुमच्या शरीराचाच आहे; एरवी जेवणानंतर येऊन ओसरणारी लाट आता सतत भरतीला आहे, एवढा फरक. औषध मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर काम करते आणि, विशेषतः सुरुवातीच्या काळात, जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते.

समाधानाने न जेवणे आणि मळमळीमुळे न जेवणे यांत मात्र फरक करा. पहिल्यात जेवण समोर आले की तुम्ही बेताचे खाता आणि बरे वाटते. दुसऱ्यात अन्नाच्या वासानेच तोंड फिरते. तुमचे पत्र दुसऱ्याकडे झुकते. मात्रा कमी करणे किंवा वाढवण्याचा वेग मंदावणे हा यावर साधा उपाय आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांशी बोलण्यात संकोच वाटू नये. आठवण होत नसली तरी घड्याळाप्रमाणे थोडे खा आणि त्यात प्रथिने आधी खा, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. पाणी पीत राहा, आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. उलट्या थांबत नसतील किंवा पोटातील तीव्र कळ पाठीकडे जात असेल तर स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयातील खडे असू शकतात. तेव्हा रुग्णालय गाठा. भूल देऊन कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी व्हायची असेल तर हे इंजेक्शन चालू असल्याचे आधी सांगा, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

बंद केल्यावर काय होते, याचे उत्तर कडू आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. औषध आणि आहार-व्यायामाचे मार्गदर्शन थांबवल्यानंतर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले. बाहेरून येणारी तृप्ती थांबली की वर सांगितलेली भुकेची ओढ पुन्हा पुढे येते. म्हणून मी रुग्णांना सुरुवातीलाच सांगते की हे रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे औषध समजून निर्णय घ्या. थांबवायचे ठरलेच तर ते एकदम न थांबवता डॉक्टरांबरोबर आखणी करून थांबवा, आणि भूक परत येईल तेव्हा तिला अपयश समजू नका.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. दोन घास खाऊन ‘पुरे, पोट भरले’ म्हणतात. आम्ही आग्रह करतो, मग ते चिडतात. खोटे बोलत असतील का?

उत्तर : ते खरे सांगत आहेत. वय वाढते तशी भूक मंदावते, जठराचा वरचा भाग पूर्वीइतका सैल होत नाही आणि तृप्तीची संप्रेरके जास्त काळ टिकतात. वास आणि चव मंदावल्याने जेवणाची ओढही राहत नाही. त्यात मेटफॉर्मिन, डायगॉक्सिन यांसारख्या औषधांनी भूक मरते, कवळी टोचते, किंवा चार दिवस पोट साफ झालेले नसते. उदासपणही अनेकदा ‘भूक नाही’ या शब्दांतूनच बोलतो, विशेषतः जोडीदार गेल्यानंतर.

दर पंधरा दिवसांनी त्यांचे वजन करून वहीत लिहा. सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो वजन कमी झाले असेल तर तपासणी हवीच, आणि जाताना औषधांची पिशवी सोबत घ्या. तोपर्यंत ताट लहान करा, पण त्यातला प्रत्येक घास कसदार करा. त्यांना तेल-तूप, दूध, अंडी, सुकामेवा यांची भर घातलेले थोडेसे अन्न दिवसातून पाच वेळा द्या. सूप आणि पाणी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत द्या, जेवणाआधी नको. सकाळी भूक जास्त असेल तर मोठे जेवण तेव्हाच होऊ द्या. आग्रहाऐवजी कोणीतरी त्यांच्याबरोबर जेवायला बसावे. माणूस सोबतीने जेवताना एकट्यापेक्षा जास्त जेवतो, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी औषधाच्या आधी हेच करून पाहीन.